कविशेठ लाइव्ह आहेत

दुपारी दोनच्या सुमारास नागपूरच्या इतवारीत गिऱ्हाईक पातळ होतं. हमाल पोत्यांवर आडवे होतात, मुनीम डबा सोडतो. तेवढ्यात कविशेठ गादीवरून उठतात, खुंटीवरचा झब्बा बनियनवर चढवतात, मोबाइल स्टँडला अडकवतात आणि भाच्याला विचारतात, "मी दिसून राह्यलो का बे? मागची पोती नको दिसू देऊ."

पोती दिसणारच. दुकान सुक्या मिरचीचं, ठोक, तिसऱ्या पिढीचं. ती झाकायला त्यांनी पुस्तकांच्या कपाटाचं चित्र छापलेला पडदा टांगला आहे. वारा आला की ग्रंथसंपदा फुगते आणि खालून लाल मिरची डोकावते.

कविशेठ हे बाजारानं ठेवलेलं नाव. २०२० च्या टाळेबंदीत शटर पडलं, तेव्हा ते एका ऑनलाइन कविसंमेलनात शिरले. शटर केव्हाच उघडलं, पण ते अजून संमेलनातून बाहेर आलेले नाहीत.

पूर्वी कवीला श्रोता तोंडासमोर असायचा. विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव हिंडले. समोरचा चुळबुळ करतो की डोलतो, हे त्यांना लगेच कळायचं. सुरेश भट तर स्वतःच्या गझला स्वतः गाऊन मैफल ताब्यात घेत. कविशेठांसमोर नुसती काच आहे, आणि काच जांभई देत नाही. त्यामुळे त्यांचा व्हिडिओ बावीस मिनिटांचा होतो. त्यात कविता चार मिनिटांची. आधीची अठरा मिनिटं 'कवितेमागची भूमिका'.

भूमिकेचा क्रम ठरलेला. आधी आईला वंदन, मग विदर्भाच्या मातीला, मग ग्रेसांना. ग्रेस त्यांना फार सोयीचे पडतात. 'संध्याकाळच्या कविता' १९६७ साली आल्या, पुढे ग्रेसांवर दुर्बोधतेचा शिक्का बसला, आणि त्याच कवीला २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कविशेठांचा हिशेब सरळ आहे: आपली कविताही कोणाला कळत नाही, म्हणजे अर्धं काम झालं. ग्रेस काही प्रत्येक कवितेआधी अठरा मिनिटं बोलत बसले नाहीत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

कवितेच्या वेळी मदतीला मिरची येते. दुसऱ्या कडव्याला हमखास ठसका लागतो, आवाज घोगरा होतो, डोळे भरतात. आईवरच्या कवितेखाली अमेरिकेतल्या एका रसिकानं लिहिलं, 'सर, तुम्हाला गहिवरलेलं पाहून आम्हीही रडलो.' तेव्हापासून भाचा रेकॉर्डिंगच्या आधी एका पोत्याचं तोंड सोडून ठेवतो. त्याच भरल्या गळ्यानं कविशेठ पुढं म्हणतात, "आवडल्यास चॅनेल सबस्क्राइब करा, घंटीचं बटण दाबा." पहिले चार अंगठे घरातल्या चार मोबाइलवरून येतात. चारही वहिनींचेच.

महिन्यातून एकदा 'कवीशी संवाद' असतो. पडद्याच्या एका चौकटीत कविशेठ, दुसऱ्या चौकटीत महाल भागातले एक निवृत्त प्राध्यापक. प्राध्यापक विचारतात, "आपण कवितेकडे कसे वळलात?" कविशेठ डोळे मिटतात. "मी नाही वळलो जी, कविताच माह्याकडे वळली." पुढच्या महिन्यात प्रश्न कविशेठ विचारतात आणि उत्तर प्राध्यापक देतात. उत्तर तेच. मध्येच एखादं गिऱ्हाईक डोकावतं, "शेठ, काय भाव?" कविशेठ डोळे न उघडता बोटांनी भाव सांगतात. प्रतिभेला धक्का लागत नाही आणि सौदाही जात नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. ढोलताशांत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. नेमकं त्याच दिवशी कविशेठांनी 'मौन' ही दीर्घकविता लाइव्ह वाचली. मिरवणुकीत दरवर्षी गावातल्या पीडांचे बडगे, म्हणजे पुतळे, काढतात, तेव्हा यंदा ऑनलाइन कवींचा बडग्या काढू, अशी धमकी शेजारच्या हळदवाल्यानं दिली. कविशेठांनी विचारलं, "फोटो कोणता लावाल? झब्ब्यातला लावजा."

किती जणांनी कितव्या मिनिटाला व्हिडिओ सोडला, याचा आलेख मोबाइलवर दिसतो. भाच्यानं तो एकदा धीर करून दाखवला. दुसऱ्या मिनिटाला रेघ जी खाली कोसळली होती, ती परत वर आली नव्हती.

"मामा, लोक निघून गेले."

"निघून नाही बे. भारावून गेले."

याच माणसाला धंद्यात बघावं. भंडाऱ्याचा व्यापारी आला की कविशेठ तोंड उघडत नाहीत. पोत्यातून मूठभर मिरची काढतात, एक मोडून त्याच्या हातावर ठेवतात आणि गप्प बसतात. भिवापुरी मिरचीची थोरवी नाही, आजोबांचा इतिहास नाही. "ज्या मालाबद्दल जास्त सांगा लागते, त्या मालात खोट असते," हे भाच्याला त्यांनीच शिकवलं. हाच नियम कवितेला लावून बघा, असं मी सुचवलं. "धंदा अलग, कविता अलग," ते म्हणाले, आणि 'कवितेला नियम असावेत का' या चर्चेला त्यांनी मलाच बोलावलं.

पण त्यांच्या मालात खोट नाही. भिवापूरकडं सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांवर त्यांची एक कविता आहे. दिवसभर खुडून बोटं पेटलेली, आणि त्या बोटांनी रडणाऱ्या लेकराचे डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ती माय मनगटानं पुसते, एवढंच तिच्यात आहे. हे पाहायला त्या बायांच्या शेजारी बसलेला माणूस लागतो, आणि कविशेठ लहानपणापासून मालासाठी तिकडे जात आले आहेत. या कवितेला ठसक्याची गरज नाही, भूमिकेची तर नाहीच नाही.

तेव्हा त्यांचा व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला, आणि तो येणारच, तर पुसून टाकू नका. सरळ अठरावं मिनिट गाठा आणि तिथून शेवटपर्यंत ऐका. तुमच्यासारखे पाचपन्नास निघाले, तर रेघ कुठं वर चढते ते कविशेठांना आलेखातच दिसेल.