भाषा बदला, पण आधी मोजा

आमच्या ऑफिसात वर्ष-दीड वर्षाने एक मीटिंग लागतेच: जावा सोडून गोमध्ये जायचं का? माझी तक्रार गोबद्दल नाही. ती शिकायला सोपी आहे, तिचा बिल्ड झटपट होतो आणि एकच फाइल सर्व्हरवर टाकली की काम सुरू होतं. मला राग येतो तो निर्णय घेण्याच्या पद्धतीचा.

पहिला त्रास डेमोचा. एक रिक्वेस्ट येते, एक उत्तर जातं आणि सगळे म्हणतात, ‘बघा, किती कमी कोड!’ कमी असणारच. त्यात बँकेच्या सुट्ट्या नाहीत, अर्धवट आलेल्या फाइली नाहीत, मार्चअखेर नाही.

शिवाय तुलना होते ती आजच्या गोची आणि आमच्या जावा 8 ची, म्हणजे 2014 सालच्या जावाची. जावात रेकॉर्ड 2021 मध्ये आले, व्हर्च्युअल थ्रेड 2023 मध्ये जावा 21 सोबत पक्के झाले. हव्या असलेल्या बऱ्याच सोयी नुसती आवृत्ती वाढवून मिळतील. पण ते काम रेझ्युमेवर उठून दिसत नाही, म्हणून कुणी मागत नाही.

आणि जुना कोड? ‘कचरा आहे, नव्याने लिहू,’ असं बिनधास्त म्हटलं जातं. जावाच्या मॅथ.राउंडला 2.5 दिले तर 3 मिळतात, पण उणे 2.5 दिले तर उणे 2. गोच्या मॅथ.राउंडमध्ये तेच उणे 3 होतात. म्हणजे रक्कम जमा करताना दोन्हीकडे उत्तर सारखं, आणि तीच नोंद उलटवताना एका रुपयाचा फरक. आमच्या जुन्या कोडमध्ये यासाठी चार वेड्यावाकड्या ओळी आहेत, वर कसलीही कमेंट नाही. त्या कचरा म्हणून काढल्या तर चालतील की नाही, जशाच्या तशा गोमध्ये नेल्या तर काय होईल, हे मीटिंगमध्ये कुणीच विचारत नाही. फरक सापडणार तो ताळेबंद जुळवताना, रात्री, आणि फोन जाणार तो ऑन-कॉल असलेल्याला.

भाषा बदलूच नये असं मी म्हणत नाही. 1 जानेवारी 2020 ला पायथन 2 चा आधार संपला, तेव्हा बदलणं भागच होतं. मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गोमध्ये नेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आकडे समोर ठेवले: व्हीएस कोडचा सगळा कोड तपासायला 77.8 सेकंद लागत होते, ते 7.5 वर आले. तिथेही कोरी पाटी घेतली नाही. जुन्या कोडची रचना जपत तो नव्या भाषेत उतरवला. आमच्याकडे ‘नेमकं काय हळू चालतंय?’ एवढं विचारलं तरी माणूस जुन्या वळणाचा ठरतो.

सगळ्यात मनाला लागतं ते पुढचं. जो हिरिरीने नवी भाषा आणतो, तोच पहिली सेवा लाइव्ह गेली की पेपर टाकतो. नोटीस पिरियडमध्ये घाईघाईत केटी होते, आणि मग दोन भाषा, दोन बिल्ड, दोन्हीकडच्या लायब्ररींचे सिक्युरिटी पॅच मागे राहिलेल्यांच्या गळ्यात पडतात.

तुमच्या टीममध्ये अशी मीटिंग लागली असेल, तर हात वर करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: आज नेमकं काय अडतंय त्याचे आकडे, जुन्या कोडमधल्या अपवादांची यादी, आणि पुढची दोन वर्षं रात्रीचा फोन कोण उचलणार त्याचं नाव.