मधला नट

गाडीच्या पोटात काय चालतं हे ज्याला कळत नाही तो सुखी. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला ते सुख लाभलं नाही. आमच्या वरूडमध्ये माणसाला संत्र्यावर आणि गाडीवर मत असावंच लागतं. मृग बहाराला ताण किती द्यावा याबद्दलचं माझं मत आमचा सालदारही विचारात घेत नाही, म्हणून मी सगळी हौस गाडीवर भागवतो.

तर शेंदूरजना घाटाकडच्या बागेत जाता-येता आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी ‘खट्‌खट्’ वाजायला लागलं. डांबरी रस्त्यावर चिडीचूप, धुऱ्याच्या वाटेला लागली की सुरू. मी शेजाऱ्यांना ओट्यावर बसवून निदान जाहीर केलं, शॉकप गेला! मग शॉकप म्हणजे काय तेही सांगितलं, कारण कुणी विचारलं नव्हतं. धक्का शॉकप खातो हा लोकांचा गैरसमज. धक्का खाते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग म्हणजे लग्नात रुसलेला जावई, एकदा उसळला की उसळतच राहतो, आणि शॉकप म्हणजे त्याला हाताला धरून खाली बसवणारा मामा. शॉकपच्या आत तेल असतं, दट्ट्याच्या बारीक भोकांतून ते नाखुशीनं सरकतं आणि उसळीचा सगळा जोर तेल तापवण्यात संपून जातो. तिथून मी मॅकफर्सनवर आलो. या अमेरिकन इंजिनिअरनं 1940च्या दशकात शेवरोलेच्या एका स्वस्त, छोट्या गाडीवर काम करताना स्प्रिंग आणि शॉकप एकाच उभ्या खांबात बसवायची युक्ती काढली. ती गाडी बाजारात आलीच नाही, पण तो फोर्डमध्ये गेला आणि खांब जगभर गेला. आपल्या पद्मिनीला वर एक, खाली एक असे दोन विशबोन असायचे. 1983 साली मारुती 800 आली आणि वरचा विशबोन जाऊन हा खांब घरोघरी पोचला. खाली फक्त लोअर आर्म उरला. एवढं सांगून वर पाहिलं, तर ओट्यावर मीच उरलो होतो.

शॉकप तपासायची सोपी रीत आहे. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडायचा. गाडी वर येऊन जागेवर थांबली तर शॉकप ठीक, डोलत राहिली तर गेला. मी भर बाजारात, बघ्यांच्या देखत दाबला. गाडी वर आली आणि निमूट थांबली. यावरून मी निष्कर्ष काढला की माझाच जोर कमी पडतो.

गॅरेजचा मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. “सर, बदलायचेच असन तं जोडीनं बदला,” म्हणाला. मी काटकसरीनं उजवा एकच बदलायला लावला, आणि तो पाना शोधायला आत गेला तेवढ्यात मदत म्हणून स्वतःच बॉनेट उघडलं. खांबाच्या डोक्यावर तीन छोटे नट कडेला असतात आणि एक मोठा मधोमध. छोटे सोडले की अख्खा खांब खालून काढता येतो. मी अर्थातच मोठा धरला. पाना बसवून अंग टाकणार, तोच आतून आरोळी आली, “सर, मधातल्या नटाले हात नोका लावू!” त्या एका नटानं दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. शिकंजा लावून स्प्रिंग आवळल्याशिवाय तो सोडला, तर ती तोफेसारखी सुटते. स्प्रिंगच्या दाबावर मी या पोराला वर्गात अंगठे धरायला लावले होते.

नवा शॉकप बसला, अलाइनमेंट झाली, आणि घरी निघालो तर खट्‌खट् तशीच. शेजारी बसलेली बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अवो, आवाज तुमच्या बाजूनं कुठं येते? माह्या पायाखालून येते नं.”

गाडी परत गॅरेजात. मिस्त्रीनं जॅक लावला, लोअर आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून हलवून पाहिली, बुश घट्ट. मग चाकामागे हात घालून वीतभर लांबीची एक दांडी नुसती दोन बोटांनी हलवली. खट्. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना बांधणारा आडवा बार असतो, त्याची ही लिंक. तिच्या टोकाचा बॉल झिजला होता. तिची किंमत ऐकून मी उजव्या शॉकपच्या बिलाची घडी घालून खिशात आणखी खोल सारली.

आता गाडी मांजरीसारखी चालते. पण पूर्वी कोपऱ्यावर खट्‌खट् झाली की घरात चहाचं आधण चढायचं. परवा बायकोनंच विचारलं, तो जुना पुर्जा मिस्त्रीनं फेकला तर नाही ना?