लाखेचे बारा हजार

आमच्या घरात एक कानसेन आणि एक औरंगजेब असे दोघं एकोणपन्नास वर्षं सुखाने नांदले. कानसेन गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. औरंगजेब मागे राहिला आहे आणि त्याच्या वाट्याला अकराशे चाळीस तबकड्या, चारेकशे कॅसेटी, एक चावीचा ग्रामोफोन आणि तीन जाडजूड वह्या आल्या आहेत.

मी सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. गाण्यातलं मला एवढंच कळतं, की ते सुरू झालं की दूध उतू जातं. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं चालते आणि आमच्या गॅसवर दुधाला उकळी यायला तेवढाच वेळ लागतो. "अगं, ही जागा ऐक," असं म्हणून ह्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावलं, की मी जागा ऐकायची आणि दूध आपली जागा सोडायचं.

मुलगी बंगळुरूहून दर रविवारी विचारते, "आई, कुठवर आलं?" मी सांगते, "हिराबाईंपर्यंत." तिला वाटतं मी अकारविल्हे चालले आहे. प्रत्यक्षात मी ट्रंकेत हात घालते आणि जे हाती लागेल ते पुसते.

ही तबकडी लाखेची असते, हे मला लग्नानंतर कळलं. झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी लाख, बांगड्यांना आणि टपालाच्या मोहरेला लागते तीच. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी घालून वरून दाबायची, की झाली तबकडी. त्यामुळे लाखाचे बारा हजार ही म्हण आमच्या घरी फार लवकर रुळली. माझे सासरे ती रोज वापरत. लाखेची वस्तू वाकते, फुटते आणि दारूत विरघळते. शेवटचं मला माझ्या भाच्याने शिकवलं. कोरोनाच्या दिवसांत तो आला, काकांना मदत म्हणून त्याने बालगंधर्वांच्या एका तबकडीवर सॅनिटायझर फवारला आणि फडक्याने खसाखसा पुसला. फडकं काळं झालं. गंधर्व जंतुमुक्त झाले आणि त्याबरोबर स्वरमुक्तही. हे एक शब्द बोलले नाहीत. फक्त आत गेले आणि वहीत काहीतरी लिहून आले.

त्या वह्यांबद्दल सांगायलाच हवं. हे पाटबंधारे खात्यात होते. कृष्णेचं पाणी कुठे किती फूट आहे, हे रोज वहीत टिपून ठेवणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग, म्हणून घरातही त्याच शिस्तीच्या वह्या. अनुक्रमांक, गायक, राग किंवा नाटक, तबकडीचा नंबर, कुठून मिळाली, शेरा. 'चर पडली आहे', 'सुरुवातीला ओरखडा', 'मध्यलयीत अडकते'. पहिली नोंद १९६८ची, म्हणजे आमच्या लग्नाच्या सहा वर्षं आधीची. आणखी एका रकान्यात मात्र नुसती सरगम लिहिलेली. रे प. सा ऽ ऽ. म प ऽ. मला वाटायचं तो गाण्याचा मुखडा असेल. आपल्याला काय कळतंय, म्हणून पन्नास वर्षं मी त्या रकान्याकडे पाहिलं नाही.

२०१९ साली पाटबंधारे खात्याचं पाणी घरी आलं. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, आयर्विनला किती फूट ते विचारतात. ह्यांचा हिशेब पक्का होता: २००५च्या पुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं, म्हणजे तिसऱ्या पायरीवर बाक, बाकावर ट्रंका, चिंता नाही. गावभागातल्या निम्म्या लोकांनी हाच हिशेब केला होता. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. होडीवाला म्हणाला, माणशी एकच पिशवी. मी औषधं, पासबुकं आणि घराची कागदपत्रं घेतली. ह्यांनी तीन वह्या आणि ग्रामोफोनचा साउंडबॉक्स घेतला. होडीत शेजारच्या काकू विचारत होत्या, भावजी, काय वाचवलंत? हे म्हणाले, "यादी."

आठवड्याने परत आलो तेव्हा ट्रंकांत चिखल होता. अंगणात नळाखाली एकेक तबकडी धुतली आणि बाजेवर पापड वाळवावेत तशी मांडली, पण सावलीत, कारण उन्हात लाख वाकते. गाळ गेला. त्याबरोबर कागदी पाकिटं गेली आणि त्रेसष्ट तबकड्यांवरची मधली गोल चिठ्ठीही गेली. कुत्रा गेला, कर्णा गेला, गाणाऱ्याचं नाव गेलं. राहिला नुसता काळा गोल, ज्यात कुणीतरी आहे पण कोण ते सांगत नाही.

चिठ्ठीच्या कडेला लाखेतच बारीक आकडे कोरलेले असतात. ते भिंगाने वाचून, वह्यांशी ताडून हे चार वर्षं बसले आणि चाळीस जणांची ओळख पटवली. उरलेले तेवीस बिननावी आता माझ्याकडे आहेत. त्यातल्या काहींनी मला स्वतःच मदत केली. फार जुन्या तबकड्यांवर गाणं संपताच गाणारी बाई आपलं नाव पुकारते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान बाई अशाच इंग्रजीत नाव सांगून गेल्या. तेव्हा गाणं इथे मेणावर कोरायचं आणि तबकडी मात्र जर्मनीत हॅनोव्हरला छापायची. तिथल्या कामगाराला ख्याल काय आणि ठुमरी काय, त्याने चिठ्ठी कुणाची लावायची हे कळावं म्हणून ही सोय. शंभरावर वर्षांनी ती हॅनोव्हरच्या कामगाराइतक्याच कानाच्या एका सांगलीकर बाईच्या उपयोगी पडली. एका बिननावी तबकडीच्या शेवटी "जानकीबाई, इलाहाबाद" असं खणखणीत ऐकू आलं आणि मी सवयीने वहीत हजेरीची खूण केली.

कधीकधी वाटतं, ही पद्धत बंद करायला नको होती. माणसांनीही रोज रात्री दिवा मालवण्याआधी आपलं नाव सांगून झोपावं. ह्यांचा आवाज कुठल्याच कॅसेटीत नाही. गावातल्या बैठकांची ध्वनिमुद्रणं आहेत, त्यात कुणीतरी समेवर "आहा!" करतं. ते हे नव्हेत. ह्यांना बैठकीत दाद देणारे आवडत नसत. म्हणायचे, ध्वनिमुद्रणात घाण येते.

ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत तीन कोरडी पाकिटं निघाली. नीट, जाड, तिन्ही रिकामी. वहीत त्यांना क्रमांकही होते. मी पहिल्यांदा भाच्यावर संशय घेतला. मग नोंदी वाचल्या: भाऊराव कोल्हटकर, भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ. हे तिघं तबकडीवर आलेच नाहीत. भाऊराव १९०१च्या फेब्रुवारीत गेले आणि तबकडीवाला गोरा साहेब १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाला बसला. त्या पावणेदोन वर्षांचं दुःख ह्यांनी स्वतःच्या सख्ख्या काकांपेक्षा जास्त दिवस केलं. पण म्हणून पाकिटं घेऊन ठेवायची? मी सांगलीभर रिकामे डबे जमवत हिंडले असते, की उद्या कुणी तूप पाठवील, तर घरच्यांनी काय म्हटलं असतं! या तीन नोंदींसमोर सरगमीच्या रकान्यात नुसतं 'ऽ' होतं.

इथे माझ्यातली बाई जागी झाली, म्हणजे गणिताची बाई. रिकाम्या पाकिटाला 'ऽ' असेल, तर तो शून्य असणार. आणि शून्य असेल, तर हा मुखडा नव्हे.

१९८८ साली एकदा ह्यांच्या नावाने टपालाने व्हीपी आली होती. हे कचेरीत, म्हणून पोस्टमनला दीडशे रुपये मीच मोजले. तो दिवस मी विसरणं शक्य नाही, कारण ते वाण्याचे पैसे होते. ती नोंद शोधली. सरगमीत लिहिलं होतं: सा प ऽ. एक, पाच, शून्य. सा म्हणजे एक, नी म्हणजे सात, वर टिंब दिलेला तार सा म्हणजे आठ, तार रे म्हणजे नऊ. इतकी वर्षं आठवीच्या मुलींना बीजगणित शिकवणाऱ्या बायकोपासून पैसे लपवायला ह्या माणसाने अख्खं सप्तक कामाला लावलं होतं.

कारण मला सांगायची किंमत ठरलेली असे. "पंचवीस रुपयांना मिळाली अगं, तो देतच होता." १९७५ साली पंचवीस आणि २०१०लाही पंचवीस. सोनं, साखर, रॉकेल, सगळं कुठच्या कुठे गेलं; महागाईला असं तोंडघशी पाडणारी वस्तू मी दुसरी पाहिली नाही. मला शंका आली नाही असं नाही. पण शंका विचारली की उत्तर येतं आणि उत्तर आलं की त्याचं काहीतरी करावं लागतं.

तीन रात्री बसून बेरीज केली. एक लाख तीन हजार चारशे पंच्याऐंशी. मी पाटल्या मागितल्या त्या वर्षी "पुढच्या दिवाळीला बघू" असं झालं होतं. त्या वर्षीच्या नोंदी मी दोनदा तपासल्या. त्या वर्षी केसरबाई केरकर घरी आल्या होत्या, दोन तबकड्या. केसरबाईंचं नाव काढलं की हे उठून उभे राहत. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात बाईंची भैरवी आहे, हे घरी आलेल्या गॅसवाल्यालाही ऐकावं लागे. याने त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि सप्टेंबरातच बाई गेल्या. सोनं त्यांच्या वाट्याला गेलं, ठीक आहे, मोठ्या होत्या. मला त्या तबकडीचा हेवा वेगळ्या कारणाने वाटतो. ती सूर्यमालेच्या पलीकडे निघाली आहे. कुणाच्या बायकोला तिची आवराआवर करावी लागणार नाही.

मुंबईहून एक व्यापारी येऊन गेला. अर्धा तास पाहिलं, पाच बाजूला काढल्या आणि सगळ्याचे मिळून चौदा हजार म्हणाला. म्हणीपेक्षा दोन हजार जास्तच देत होता. मी त्याला चहा दिला आणि नको म्हटलं.

आता राहता राहिली एक नोंद. १९९१च्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून एक तबकडी पडली. लाख पडली की काचेसारखी होते. हिराबाई बडोदेकरांची होती, चार तुकडे झाले. हे बाजारात गेले होते. मी तुकडे पाकिटात जुळवून ठेवले, पाकीट ढिगाच्या मधोमध सरकवलं आणि त्यानंतर बत्तीस वर्षं, हे हिराबाई लावायला निघाले की मी काहीतरी काम काढत असे. त्यांनी कधी विचारलं नाही. मी समजत होते, पत्ताच नाही.

वहीत क्रमांक २१७. हिराबाई बडोदेकर, दहा इंची. किंमत रे ऽ ऽ. शेऱ्याच्या रकान्यात तारीख, त्याच दिवाळीची, आणि पुढे दोन शब्द: 'फुटली. मांजर.'

आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं. ह्यांना मांजराच्या केसांनी शिंका यायच्या.

त्या दिवशी मी पुढची ट्रंक उघडली नाही. दूध तापवलं आणि ते उतू गेलं, गाणं चालू नसताना.

तर आता वाटणी अशी. ज्यांच्या दोन-दोन प्रती आहेत त्या मिरजेच्या एका संगीत शिकणाऱ्या मुलाला दिल्या. तो दर शनिवारी येतो आणि उरलेल्या संगणकावर उतरवून घेतो. ग्रामोफोन मी देणार नाही. तीन रिकामी पाकिटंही देणार नाही. आणि वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर हिराबाई बडोदेकरांची दहा इंची, न फुटलेली तबकडी असेल, तर मला विकत हवी आहे. नेमकी तीच हवी असं नाही, तुकड्यांवरची चिठ्ठी पुरात गेली आणि गाणं मला आठवत नाही. कुठलीही चालेल. फक्त किंमत खरी सांगा. मी ती वहीत आकड्यांत लिहिणार आहे.