बाकड्यावरचा बाप

एस्टीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं लागतं. त्यामुळे महाराष्ट्रातली मुलं पावणेपाच वर्षांची होईपर्यंत भराभर वाढतात आणि मग दोनेक वर्षं तिथेच थबकतात. मीही थबकलो होतो. कंडक्टर जवळ आला की आई मला मांडीवर ओढून घ्यायची, आणि मी शहाणपणा दाखवायला पाढे म्हणू लागलो की दंडाला चिमटा बसायचा. वय ही आपल्याकडे जन्मदाखला बघून नव्हे, समोरच्याचा चेहरा बघून सांगायची गोष्ट आहे.

थीम पार्कवाल्यांनी ही सोयच मोडीत काढली. ते वय विचारत नाहीत, उंची मोजतात. त्यातही गंमत अशी, की आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत तिकीट उंचीवर असतं आणि आत पाळण्यात बसू द्यायचं की नाही तेही उंचीवरच ठरतं. म्हणजे एकच पोर तिकिटाच्या खिडकीशी बुटकं हवं आणि पाच मिनिटांनी पाळण्याशी उंच हवं. हे आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मग खिडकीशी जरा गुडघ्यात वाकून उभं राहायला शिकव की त्याला." धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. शिकवलेलं विसरत नाही. हल्ली दारात कुरिअरवाला आला तरी तो गुडघ्यात वाकून उभा राहतो.

सगळं सुरू झालं ते थोरलीमुळे. तिच्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत हाँगकाँगचं डिस्नेलँड बघून आली आणि वाढदिवसाला डोक्यावर उंदराचे कान लावून बसली. थोरलीने त्या रात्री वरणभात कालवता कालवता शांतपणे विचारलं, "बाबा, आपण गरीब आहोत का?" हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय बापाला विचारू नये. तो घाबरून लगेच कशाचं तरी बुकिंग करतो.

मी केलंही असतं, पण माझी बायको बँकेत ऑडिटला आहे. ती भाजीला जातानासुद्धा मनात दोन रकाने आखून जाते. तिने एक्सेल शीट उघडली. ठिकाण, प्रवास, मुक्काम, उंचीची अट, एकूण खर्च, आणि सगळ्यात शेवटी एक जाडजूड रकाना: 'वसूल'. एकूण खर्चाला माणूस प्रत्यक्षात जितक्या पाळण्यांत बसणार तितक्याने भागायचं, असं त्याचं सूत्र. धाकट्याच्या नशिबी येऊन जाऊन मेरी-गो-राउंड आणि एखादी झुकझुक गाडी. त्याच्या ओळीत दर फेरीमागे जो आकडा आला, तेवढ्यात तुळशीबागेतून लाकडी घोडा घरी आणता आला असता. मी तसं सुचवलं. बायकोने नुसतं बघितलं.

अशा वेळी प्रत्येक घरात एक परदेशी नातेवाईक टपून बसलेला असतो. आमचा मेहुणा न्यू जर्सीत आहे. "दाजी, लहानसहान काही करू नका. करायचं तर ऑर्लंडो," असं म्हणून त्याने रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आम्हा सर्वांची शिकवणीच घेतली. स्लाइड्स करून ठेवल्या होत्या. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं, जागा सुमारे १०० चौरस किलोमीटर.

"म्हणजे केवढं रे?" आईने मला विचारलं.

कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचं अख्खं मुंबई शहर त्यात बसवलं तरी वर जागा उरेल, असं मी सांगितलं. आई विचारात पडली. मग म्हणाली, "आणि मोऱ्या कुठेशी आहेत?"

इतक्या नेमक्या प्रश्नाला मेहुण्याच्या स्लाइड्समध्ये उत्तर नव्हतं. तो घाईघाईने पुढे सरकला. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम अशी चार पार्कं, आणि प्रत्येकाला कमीत कमी एक दिवस. मग त्याने आवाज खाली आणून 'लाइटनिंग लेन' नावाची भानगड सांगितली. जादा पैसे भरायचे आणि लांब रांग टाळून छोट्या रांगेतून आत शिरायचं. तिथल्या हॉटेलांत उतरलेल्यांना सात दिवस आधी वेळ पकडता येते, बाकीच्यांना तीन दिवस आधी. सकाळी सातच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसावं लागतं आणि भाव तारखेप्रमाणे बदलतो. हे प्रकरण आपल्या आईच्या वयाच्या बाईला कसं समजावणार, या काळजीने मेहुणा थांबला. पण ज्या बाईने पंढरपूरला पदस्पर्शाची रांग आणि मुखदर्शनाची रांग यांतला फरक उभ्या आयुष्यात अनेकदा पायांनी अनुभवला आहे, तिला डिस्नेची रांग काय अवघड?

"कळलं, व्हीआयपी पास," आई म्हणाली. "पण आत गेल्यावर दर्शन किती वेळ?"

"अडीच-तीन मिनिटं, आई."

"बरंय की मग. आपल्याकडे कोण उभं राहू देतंय तेवढं!"

आईचं मन वळत होतं, पण व्हिसाने घात केला. अर्जाची फी माणशी १८५ डॉलर, आणि धाकटाही त्यांच्या लेखी पुरा माणूस. इथे गुडघ्यात वाकून उपयोग नव्हता. बायकोने ऑर्लंडोची ओळ लाल केली. मेहुण्याने फोन ठेवताना "बघा बुवा" असं म्हटलं, त्यात सगळं आलं.

त्या रात्री मी उगाच वाचत बसलो, हे थीम पार्कचं खूळ काढलं तरी कोणी? तर या सगळ्याचं मूळ एका बाकड्यात आहे. वॉल्ट डिस्ने शनिवार-रविवारी आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जायचा. मुली मेरी-गो-राउंडवर फिरायच्या आणि हा बाकड्यावर बसून शेंगदाणे खायचा. तिथे त्याच्या मनात आलं, की आईबापांना आणि पोरांना मिळून मजा करता येईल असं काहीतरी हवं. ही हकीकत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे. मग १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. पहिल्या दिवशी खोट्या तिकिटांवर झुंबड आत शिरली, रस्त्याचं ताजं डांबर उन्हाने मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि नळकाम करणाऱ्यांचा संप झालेला असल्याने पिण्याच्या पाण्याचे नळ आधी करायचे की स्वच्छतागृहं, असा पेच पडला होता. डिस्नेने स्वच्छतागृहं आधी केली. आईचा प्रश्न १९५५ सालीही ऐरणीवर होता तर.

मला या माणसाबद्दल आदर आहे, पण एक तक्रार आहे. पोरं गोल गोल फिरताहेत, हाक मारली की दिसताहेत, आपण सावलीत बसलोय, हातात शेंगदाण्यांची पुडी आहे, आणि घरून कोणी फोन करू शकत नाही. या बापाला नेमकं कमी काय होतं? एका बापाला बाकड्यावर बसून कंटाळा आला, आणि तेव्हापासून जगभरचे बाप एक्सेल शीटसमोर बसले आहेत. वर कळस म्हणजे डिस्नेच्याच पार्कांत एक रीतसर नियम आहे: मूल उंचीत बसत नसेल तर एका पालकाने त्याला घेऊन बाहेर थांबायचं, दुसऱ्याने फेरी मारून यायचं, आणि मग पुन्हा सगळी रांग न लावता अदलाबदल करायची. नियम उत्तम आहे. पण एवढी जमीन विकत घेऊन, एवढे किल्ले-डोंगर उभारून बाप शेवटी आला कुठे? बाकड्यावरच. आपल्याकडे तर बऱ्याच पार्कांत शेंगदाणेसुद्धा बाहेरून नेता येत नाहीत.

मला हे मनापासून पटलं आणि मी ठरवलं, की जिथे बाकडी बरी असतील तिथेच जायचं. बायकोला मात्र कारण वेगळं सांगितलं. "पहिलीच खेप आहे, जवळच जाऊ. खोपोलीला."

खोपोलीचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. पुण्याहून दीड-दोन तास, घाटात काही आडवं आलं नाही तर. आमच्या पिढीला थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ सालचं. मुलं घरी परत न येण्याची धमकी देतात ती टीव्हीवरची जाहिरात आम्हाला पाठ होती. प्रत्यक्ष जाणं काही झालं नाही, आणि आता ते बंदही पडलं. थोरलीचं तसं होऊ नये, एवढाच माझा हेतू होता असं मी बोलून दाखवलं. स्वतःलाच जरा गहिवरून आलं.

बायकोने तोवर इमॅजिकाच्या पाळण्यांची यादी उघडली होती. एका नावापाशी ती थांबली. नायट्रो. १३२ फुटांची उंची, ताशी १०५ किलोमीटरचा वेग, आणि बसल्यावर पायांखाली फळीसुद्धा नाही, पाय अधांतरी. मी म्हटलं, घराचा हप्ता सुरू झाल्यापासून पायांखाली काही नसल्याचा अनुभव आपल्याला रोज आहे, त्याला वेगळं तिकीट कशाला? तिने ऐकलंच नाही. थोरलीची उंची तिथे पुरणार नाही, धाकट्याचा तर प्रश्नच नाही. "मी बसणार आहे," ती म्हणाली. "दोनदा." आणि स्वतःच्या 'वसूल' रकान्यात तिने काहीतरी भरलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी मार्चअखेरीला ताळेबंद जुळल्यावरही पाहिलेलं नाही.

सगळं ठरत आलं आणि आईने विचारलं, "खोपोली म्हणजे महडजवळच ना? आणि तोच रस्ता पुढे पालीला जातो."

जातो. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. म्हणजे अलीकडे महडचा वरदविनायक, पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर आणि मध्ये आमचं थीम पार्क. आईच्या दृष्टीने ती अष्टविनायकांतल्या दोन गणपतींची यात्रा होती, वाटेत पाळणे लागत होते इतकंच. मी कुरकुर केली. त्यावर तिने मुलांना जवळ बसवून बल्लाळाची गोष्ट सुरू केली, पण ऐकवत मला होती. बल्लाळ गावातल्या पोरांना रानात घेऊन जायचा, धोंड्याला गणपती मानून सगळी पूजा-पूजा खेळायची. खेळात पोरांना घरी यायचं भान राहीना. लोकांनी त्याच्या बापाकडे, कल्याणशेठकडे, तक्रार केली. शेठ काठी घेऊन गेला, पूजा उधळली, तो धोंडा भिरकावला, पोराला बडवून झाडाला बांधलं.

"मग गणपती आला," आई म्हणाली. "पोराला सोडवलं. देवाने नाव कोणाचं लावलं? पोराचं. बापाचं काय झालं ते विचारू नका."

"काय झालं?" थोरलीने लगेच विचारलं.

"आंधळा, बहिरा, मुका." आईने माझ्याकडे बघत सांगितलं. बापाने भिरकावलेला तो धोंडा म्हणजेच पालीचा धुंडीविनायक, आणि दर्शन आधी त्याचं घ्यायचं असतं, मग बल्लाळेश्वराचं. पाली यादीत आली. पोरांचा खेळ मोडणारा बाप व्हायची माझी छाती नव्हती.

उरला वाराचा प्रश्न. शनिवार-रविवारी गर्दी असणार म्हणून बायकोने मंगळवार काढला. आईने भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं आणि मान हलवली. नेमकी अंगारकी. पालीला मुंगी शिरणार नाही. एक्सेल विरुद्ध कालनिर्णय असा सामना आमच्याकडे अधूनमधून होतो आणि निकाल आजवर एकतर्फी आहे. बुधवार ठरला. आधी पार्क, खोपोलीत मुक्काम, गुरुवारी पाली.

खाण्यावरून थोडी चकमक झाली. आईचा बाहेरच्या खाण्यावर विश्वास नाही आणि पार्कचा घरच्या खाण्यावर नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच राहील, आत जाण्याआधी पोटभर खायची आणि बाहेर आल्यावर उरलेली संपवायची, असा तह झाला. दुपारी दीड ते साडेतीन धाकट्याची झोप, तीही शीटमध्ये वेगळ्या रंगात घातली आहे. त्या दोन तासांपुढे 'जबाबदार व्यक्ती' म्हणून माझं नाव आहे आणि ठिकाण म्हणून 'सावलीतले बाकडे'. मी काही हरकत घेतलेली नाही.

तिकिटं काढून झाली आहेत. बुधवार-गुरुवार थोरलीची शाळा आहे, म्हणून रजेचा अर्ज द्यावा लागला. ताप आला असं लिहायला बायको तयार होईना, ऑडिटवाल्यांना खोटे कागद बघवत नाहीत. शेवटी आईने मजकूर सांगितला: 'कौटुंबिक देवदर्शनासाठी बाहेरगावी जात आहोत.' पालीला जाणार आहोतच, तेव्हा त्यात खोटं काही नाही. फक्त तुमच्यापैकी कोणी तिच्या वर्गाच्या बाईंना ओळखत असाल, तर परत येईपर्यंत हा अंक कृपा करून त्यांच्या हाती पडू देऊ नका.