अठ्ठेचाळीस तासांचे काका

जिन्यावरून कुणी घसरलं, तर आपण त्याला हात देतो, पाणी देतो आणि ‘फार लागलं का?’ म्हणून विचारतो. सेफ्टीकाका आधी घड्याळ बघतात. मग पडलेल्या माणसाला ‘हलू नका’ म्हणून बजावतात. त्यात मणक्याची काळजी वगैरे काही नसते, त्यांना जागेचा नकाशा काढायचा असतो. पायात चप्पल होती की सँडल, पायरी खालून कितवी, दिवा लागला होता का, पाहणारं कोण होतं? आमच्या शेजारच्या आजी गेल्या पावसाळ्यात घसरल्या, तेव्हा काकांनी साक्षीदार म्हणून दूधवाल्याचं नाव-गाव लिहून घेतलं. आजी अजून पायरीवरच बसलेल्या.

तुमच्याही गल्लीत असे एक काका असतीलच. आमचे काका हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. नोकरी संपली, पण अहवाल लिहायची खाज राहिली. आणि सगळ्या चौकशीचा शेवट एकाच प्रश्नावर: ‘‘कामाले कधी लागाल? अठ्ठेचाळीस तासांच्या आत का बाहेर?’’

हा आकडा त्यांचा नाही, सरकारचा आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ८८ असं होतं की, अपघातानंतर कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर व्यवस्थापकाने सरकारला कळवायचं. २०२०च्या नव्या संहितेने बरंच काही बदललं, ४८ तास मात्र तिथेही शाबूत आहेत. काकांच्या लेखी जगातली सगळी दुःखं या एका रेषेने विभागलेली आहेत. अलीकडची किरकोळ, पलीकडची फॉर्म भरण्याच्या लायकीची.

काकू न्हाणीघरात पडल्या, कंबर धरली. तिसऱ्या दिवशी दुपारी कण्हत उठून त्यांनी चहा टाकला, तर काका खूश. ‘‘पाह्य, सेहेचाळीस तासांतच ड्युटीवर आली. नोंद नाही.’’ काकूंनी कप आदळला. ‘‘पुढच्या वेळी एकोणपन्नास तास झोपून राहते. करजा मग स्वयंपाक, अन् पाठवजा फॉर्म.’’

पुतण्याच्या हळदीला तर कहरच. सकाळी तर्रीपोहे वाढताना वाढप्याच्या हातातलं पातेलं कलंडलं आणि तर्री नवरदेवाच्या मामांच्या पायावर. मामा नाचू लागले, बाया बर्फाला धावल्या. काका वाढप्याला बाजूला घेऊन विचारताहेत, पातेलं किती भरलं होतं, फडकं ओलं होतं का, अन् उभा कुठं होतास? मामांकडे वळले ते शेवटी, आणि विचारलं काय? ‘‘लग्न उद्याचं, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत तुम्ही मांडवात उभे राह्यता ना?’’ मामा त्यानंतर काकांशी बोललेले नाहीत. त्यालाही अठ्ठेचाळीस महिने होत आले असतील.

कारखान्यात या आकड्याचा खेळ वेगळा चाले. बोट चेपलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची जीप घरून घेऊन येई. पट्टी बांधलेला हात गळ्यात, आणि तो स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून डाव्या हाताने नटबोल्ट वेगळे करतोय. म्हणजे कामावर हजर! गेटवरच्या फलकावर ‘अपघातविरहित दिवस’ हा आकडा रोज एकाने वाढे. १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून दरवर्षी त्या दिवशी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची. खुर्चीवरचाही घेई. त्याचा पुढे करायचा हात गळ्यात असे, एवढंच.

हे सगळं काका मिटक्या मारत सांगतात आणि मला संताप येतो. त्यांच्या अहवालांत दोषी नेहमी जखमीच. ‘सदर कामगाराने निष्काळजीपणे हात घातला.’ मशीन बिचारं निरागस. वर ते हाइनरिखचं नाव घेतात. हा अमेरिकेतला विमा कंपनीचा माणूस. १९३१ साली त्याने पुस्तकात मांडलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्याने होतात. ‘‘कलमही अठ्ठ्याऐंशी, टक्केही अठ्ठ्याऐंशी,’’ असं काका मोठं गुपित फोडल्यासारखं सांगतात. आता हाइनरिखने हे आकडे काढले कशावरून? विम्याच्या फाइली आणि कारखान्यांच्या नोंदी यांवरून. त्या नोंदी लिहिल्या कुणी? तिकडच्या सेफ्टीकाकांनीच की! यांनी लिहायचं ‘कामगाराची चूक’, त्याने त्या चुका मोजायच्या, आणि यांनी पुन्हा त्याचा दाखला देऊन लिहायचं ‘कामगाराची चूक’.

एकदा हे मी तोंडावर बोललो. काका चिडले नाहीत. आतून जुन्या अहवालांच्या कार्बन कॉप्यांचा गठ्ठा घेऊन आले. सगळ्यात वर पॉवर प्रेसचा अपघात. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहायला नको. तिथे एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं. एका हाताने माल सरकवायचा, दुसऱ्याने ठोका. माल दुप्पट निघतो. दोन बोटं गेली. अहवालात अपेक्षेप्रमाणे ‘निष्काळजीपणे’ होतंच.

‘‘त्याच्या खालची ओळ वाच ना बे.’’

खाली लिहिलं होतं, ‘सदर कृत्य कामगाराने शिफ्टचे उत्पादन पूर्ण करण्यासाठी, मालकाच्या कामानिमित्त केले.’

‘‘पहिली ओळ मालकाची. तेवढी पाह्यली की तो खुशाल सही ठोकते. दुसरी पोराची. कामगार विम्याच्या कायद्याचं एक्कावन्न-ब वाच. नियम मोडला असला तरी मालकाच्या धंद्यासाठी मोडला, तर ती कामावरचीच इजा. पेन्शन बसते. ही ओळ नसती ना, तर पोरगं सोमवारीपेठेच्या विम्याच्या दवाखान्यातून या हापिसात अन् त्या हापिसात चकरा मारत म्हातारं झालं असतं.’’

मी गठ्ठा चाळत गेलो. खुर्चीवर बसवलेल्यांचेही विम्याचे अहवाल त्यात होते. वेळ मिनिटासकट, मशीनचा नंबर, साक्षीदार, आणि प्रत्येकात ती रुक्ष, ओबडधोबड ओळ. सगळ्या साहेबांनी न वाचता सही केलेली. जीप पाठवणं, खुर्ची टाकणं हे काका अडवू शकले नाहीत, किंवा अडवायला गेले नाहीत. ते मी त्यांना माफ करत नाही. पण आजींच्या दूधवाल्याचं नाव त्यांनी का लिहून घेतलं, ते त्या दिवशी कळलं. साक्षीदार नसल्याने कुणाचं तरी कधीतरी नक्की अडलं असणार.

आता त्यांच्या जागी आलेला पोरगा मोबाइलवर अहवाल भरतो. कारणांची यादी तयार असते, बोट लावलं की झालं. काका त्याला मुद्दाम भेटून आले. ‘मालकाच्या कामानिमित्त’ कुठे टाकायचं, म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘‘काका, त्याला ऑप्शनच नाही. ‘इतर’ आहे, पण त्यात पन्नासच अक्षरं बसतात.’’

तेव्हापासून काका चौकातल्या चहाच्या टपरीवर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर ती ओळ पुन्हा पुन्हा लिहितात. काल ‘सदर’ उडवलं, ‘शिफ्टचे’ उडवलं, आणि चहा गार होऊ देत माझ्यावर खेकसले, ‘‘काहून रे, जोडाक्षर एक धरतेत का दोन?’’