मामांचा जनक

विनोदी मालिका लिहिणारा कादंबरीकार ओळखणं सोपं आहे. 'लेखन कुठवर आलं?' एवढंच विचारा. गंभीर कादंबरीकार यावर कपाळाला हात लावतो. हा मात्र त्या प्रश्नाची वाटच पाहत असतो. 'अहो, काल काय गंमत! मामा बोहल्यावर चढतात आणि...' इथे त्याला हसू फुटतं, ठसका लागतो, पाणी आणावं लागतं. मामांचं पुढे काय झालं ते आपल्याला कळत नाही. तो मात्र किस्सा रंगला, या समाधानात निघून जातो.

मामा त्याच्या मालिकेचे नायक. तीन पुस्तकं आली, चौथ्याचा कच्चा खर्डा चालू आहे. ही बातमी वाड्यात सगळ्यांना असते, कारण सकाळी बंद दाराआडून खो खो हसण्याचा आवाज येतो. 'आज दोन पानं झाली असावीत,' वहिनी मेथी निवडता निवडता सांगतात. आतून आवाज आला नाही, तर 'निसर्गवर्णन चाललं असेल.'

त्याची खरी इस्टेट म्हणजे लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही. जमाखर्चाच्या रकान्यांत मामांच्या चपलेचं माप, कोणाशी अबोला आणि कोणत्या पुस्तकापासून, अशा नोंदी. शेवटच्या पानावर 'मयत' असा मथळा. पहिल्या पुस्तकात एका हशासाठी त्याने मामांच्या आत्याला पाटावरून पाडून मारलं होतं. आता चौथ्यात लग्न मोडायला तीच हवी! तीन दिवस त्याने उसासे टाकले आणि चौथ्या दिवशी आत्याची जुळी बहीण इंदूरहून आली. त्या दिवशीचं हसणं वाण्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं.

वही असूनही चुका व्हायच्या त्या होतातच. दुपारी तो नवं पान वाचून दाखवतो. वहिनी सगळं शांतपणे ऐकतात आणि मग विचारतात, 'दुसऱ्या पुस्तकात मामांची साखर बंद केली होतीत ना? मग इथे जिलब्या कशा खातात?' लेखकराव वही घेऊन आत जातात. विनोदाला त्या हसल्या का, हे विचारायचं राहूनच जातं.

मामांचं वय वाढवायचा विषय काढलात, तर तो भडकतो. घरात फिरवायच्या तबकडीचा फोन होता तेव्हा मामा बावन्न वर्षांचे होते. आज ते व्हॉट्सॲपवर भांडतात तेव्हाही बावन्नच. पुरावे त्याला तोंडपाठ. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वीसएक पुस्तकांत पराक्रम गाजवूनही शाळकरीच राहिला. वुडहाउसचा जीव्हज १९१५ साली छापून आला. १९७४च्या शेवटच्या कादंबरीतही त्याचा मालक बर्टी वूस्टर अविवाहितच. तेव्हा मामांचं लग्न लागणार नाही, हे उघड आहे. ते मोडायचं कसं, एवढाच प्रश्न, आणि त्या प्रश्नावर तो वर्षभर सुखात राहतो.

'आता काहीतरी गंभीर लिहा,' असं म्हणणारा एकजण प्रत्येक समारंभात भेटतोच. त्याला उत्तर तयार असतं : 'चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत. तुम्ही त्यांचं पाली वाचलंय, की चिमणराव?'

मला विचाराल तर या माणसाला पुस्तकात रसच नाही, रस आहे तो खर्ड्यात. पुस्तक छापून हातात आलं, की लेकीची पाठवणी केल्यासारखा तो आठवडाभर घरात फिरतो. वुडहाउस १९७५ साली, वयाच्या ९३व्या वर्षी वारला, तेव्हा ब्लँडिंग्ज मालिकेतली कादंबरी अपुरीच राहिली होती. लोक हे हळहळून सांगतात, हा हेव्याने सांगतो.

प्रकाशकाने हस्तलिखित गणपतीच्या आत मागितलं आहे. सध्या नववं प्रकरण चालू आहे, आत्याबाई जायचं नाव काढत नाहीत, आणि पाचव्या पुस्तकाचं नाव ठरलं आहे.