तिथं टुरिस्ट तर नाही येत नं?

लोकलभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते कमावलेलं आहे. मनीषनगरापासून प्रतापनगरापर्यंत नागपुरातल्या दर दुसऱ्या सोसायटीत असा एक भाऊ निघतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, पोरगं पुण्याला, आणि वर्षातून दहा दिवस परदेशात जाऊन तिथल्या लोकांसारखं जगायची जबर हौस. तीही रात्रीचीच. दिवसाची म्युझियमं, देवळं आणि राजवाडे भाऊंनी केव्हाच वहिनींच्या नावावर करून दिलेत.

सुरुवातीला ते असे नव्हते. पहिल्या खेपेला बँकॉक-पट्टायाचं पॅकेज घेऊन गेले होते. झेंडीवाल्याच्या मागे चालले, अल्काझारचा शो टाळ्या वाजवत पाहिला, साडेसातला इंडियन डिनरमध्ये वरणभात चापला आणि पावणेदहाला घोरायला लागले. माझ्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात प्रामाणिक प्रवास होता. पण त्या सहलीचा विषय आज कोणी काढला, तर भाऊ जुनी सिगारेट आठवावी तसे ओशाळतात. ‘तवा समजच नव्हती बे,’ म्हणतात.

समज आल्यापासून त्यांच्याकडे एकच कसोटी आहे. कुठल्याही जागेचं नाव घ्या, भाऊ डोळे बारीक करून विचारतात, ‘तिथं टुरिस्ट तर नाही येत नं?’ येत असतील तर जागा बाद. आपण स्वतः तिथं कोणत्या नात्यानं जाऊन राहिलो, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, आणि आम्हीही मैत्री टिकावी म्हणून विचारला नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं त्यांच्यासोबत व्हिएतनामला गेलो. दुरांतोनं मुंबई आणि पुढे विमान. हनोईच्या जुन्या शहरात ता हिएन नावाची बिअरची प्रसिद्ध गल्ली आहे. संध्याकाळी सातला पाय ठेवायला जागा नसते. भाऊंनी तोंडाशीच दोन गोऱ्या पाठपिशव्या पाहिल्या आणि गल्ली नापास केली. मग आमची वरात निघाली. तीन गल्ल्या, एक उघडी नाली, माझा एक मुरगळलेला पाय, आणि अखेर एका कोपऱ्यावर बनियनवर बसलेले पाच म्हातारे दिसले. ‘हे पाय,’ भाऊ कुजबुजले, ‘अस्सल.’

तिथं मिळते ती बिया होई. रोजची रोज बनणारी, पातळ, टिकवण्यासाठी काही न घातलेली, त्यामुळे ज्या दिवशीची त्या दिवशीच संपवायची. ग्लास दहा-पंधरा हजार डोंगांचा. आकडा ऐकून आमच्यातल्या एकानं छातीवर हात ठेवला, पण आपल्या हिशेबानं ते पन्नासच्या आतबाहेर. बसायला बालवाडीतली असावीत अशी प्लास्टिकची स्टुलं. सोबत उकडलेल्या गोगलगायी. आपल्या सावजीच्या रश्श्यावरचा तवंग नुसता लांबून पाहिला तरी ज्यांना ॲसिडिटी होते, ते भाऊ काडीनं टोकरून टोकरून गोगलगायी खात होते.

इतक्यात म्हाताऱ्यांनी ग्लास उचलले आणि एका सुरात ओरडले, ‘मोत, हाय, बा... झो!’ व्हिएतनामीत हे एक, दोन, तीन आणि मग ‘होऊ दे’. भाऊंचे कान टवकारले. ‘ऐकलं का? मोठं हाय बा म्हणून राहिले! हे तर आपल्या तिकडचेच निघाले!’ पुढच्या प्रत्येक घोटाला भाऊ शुद्ध वऱ्हाडीत ‘मोठं हाय बा’ म्हणत गेले, आणि म्हाताऱ्यांना त्यांचा उच्चार फार आवडला.

खरा प्रसंग पुढेच घडला. गल्लीच्या टोकाला पोलिसांची गाडी दिसली. फुटपाथवर मांडलेली दुकानदारी तिथंही बेकायदाच. मालकीण धावली, म्हातारे उठले, आम्ही चौघं बावळटासारखे उभे. आणि भाऊ? कोणी सांगायच्या आत त्यांनी दोन स्टुलं बगलेत मारली, तिसरं डोक्यावर घेतलं, हातातला ग्लास जराही न सांडता शटरच्या आत झाले आणि मालकिणीला खुणेनं सांगितलं, दिवा घालव. आपल्या नागपूरच्या बर्डीवर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की फेरीवाले चादरीची चार टोकं धरून जसे गल्लीत गडप होतात, तेच कसब. लहानपणापासून पाहिलेलं, हातात उतरलेलं. गाडी गेल्यावर त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं भाऊंचा ग्लास स्वतःच्या पैशानं भरला.

नागपूरला परतल्यावर भाऊंनी सोसायटीला गोगलगायी तीनदा सांगितल्या. स्टुलांचं एकदाही नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाले, ‘त्याच्यात काय सांगाचं? ते तर बर्डीवर रोजचंच हाय.’

इथं भाऊ सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. गणपतीत पावणेदहाला स्पीकरजवळ घड्याळ धरून उभे राहतात. गेटसमोर रात्री अंडाभुर्जीची गाडी लागायची. तिच्यापुढेही प्लास्टिकची स्टुलंच होती, जरा उंच. भाऊंनी महापालिकेत दोन अर्ज देऊन ती हटवली. साडेदहाला त्यांच्या घरातले दिवे जातात.

आमचा चौकीदार गडचिरोलीतल्या वडशाकडचा. दिवाळीनंतर धान घरात आलं की त्याच्या भागात मंडई भरते. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. हे नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि कोंबडा आरवल्याशिवाय संपत नाही. ऑर्गन, तबला, खून, अश्रू, लावणी, विनोद, सगळं एकाच तिकिटात. घरोघरी पाहुणे, आणि नाटकाच्या निमित्तानं पोरापोरींची लग्नंही जुळतात. होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे असंच चालतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा चौकीदारानं गेटवर पेढे वाटले होते. भाऊंनी एक घेतला आणि कोण पास झालं म्हणून विचारलं.

यंदा तो तीन दिवसांची सुट्टी मागायला आला तेव्हा मी तिथंच होतो. भाऊंनी रजिस्टर काढलं. ‘रातभर जागून काय पाह्यता बे तुम्ही?’

‘नाटक, साहेब. तुम्ही पण चला नं यंदा. अडीच-तीन तासाचा तं रस्ता हाय. आमच्याच घरी झोपा. म्हणजे झोपाले भेटणार नाही, पण चहा भेटन.’

भाऊंनी पेन थांबवलं. डोळे बारीक झाले. मला वाटलं, जमलं.

‘तिथं टुरिस्ट येतात का?’

‘छे हो, साहेब. कोण येते तिथं? सारे आपलेच लोक.’

भाऊंनी सही केली, रजिस्टर मिटलं. ‘मंग मी येऊन काय पाहू?’